घरोबा बंद पडू नये म्हणून

आसगाव (ता. पवनी)
९ जानेवारी २०२४

सुगत,

ताईचा जयभीम.

फोन हाताशी असून ताई पत्र लिहून राहिली म्हणजे काहीतरी बिघडलं, असं तुले वाटेल. काय करू बापा, दोन खोल्यांचं घर आणि तुझ्या भाऊजीचा पलंग मधात. आठ वर्षं झाली त्यांना विजेच्या खांबावरून पडून. मान आणि उजव्या हाताचा अंगठा सोडला तर काही हालत नाही, पण कान शाबूत आहेत. मी अंगणात जाऊन बोलली तरी परत आल्यावर विचारतात, "कोनासंग कुजबुज करून राहिली होती?" म्हणून हे अंगणवाडीत बसून लिहिते. उत्तरही अंगणवाडीच्याच पत्त्यावर पाठव. आमची मदतनीस बेबीबाई ठेवून देईल.

गोष्ट घरोबाची आहे. तू २०१८ मध्ये तुझ्या कंपनीचा तो डब्बा इथं बसवला आणि भाऊजीच्या अंगठ्याखाली बटन चिकटवलं. एकदा दाबलं की पंखा, दोनदा दाबलं की दिवा, धरून ठेवलं की माझ्या फोनवर घंटी. त्याच्या भरवशावर मी परत नोकरीवर जाऊ लागली. पण एप्रिल २०२२ मी विसरली नाही. मी पोरांची वजनं करत होती, आणि तिकडे तुमच्या कंपनीच्या मालकानं एका सकाळी सगळं बंद करून टाकलं. न सांगता, न सवरता. मी घरी आली तेव्हा पंखा बंद होता आणि भाऊजीचं अंग तव्यासारखं. त्यांच्या अंगाले घामच येत नाही, तुले माहीत आहे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात चार दिवस होते.

मग तू आणि तुझ्या मित्रांनी कंपनी पुन्हा उभी केली, डब्बा पुन्हा सुरू झाला, ते उपकार मी मानते. पण दिवाळीपासून बटन दाबल्यावर पंखा उशिरा फिरते. दोनदा घंटी आलीच नाही. पवनीचा दुकानदार म्हणते, "बाई, हे घरोबा-फिरोबा आता भंगारात जाणार. आता सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच भाषेत बोलतात. नवीन घ्या, तोंडानं सांगा, दिवा लागते." भाऊजीचा आवाज तर माझ्याच कानापर्यंत पोचत नाही, मशीनले काय समजणार?

मी मुख्यसेविकेची परीक्षा पास झाली, म्हणजे एका सर्कलच्या सगळ्या अंगणवाड्या पाहायचं काम. तुले सांगितलं नव्हतं, होईल असं वाटलंच नव्हतं. बारा फेब्रुवारीपासून महिनाभर भंडाऱ्याले ट्रेनिंग आहे, तिथंच राहायचं. हो की नाही ते या महिन्यात कळवायचं आहे. धुरपताबाई, म्हणजे माझी नणंद, समोरच राहते. ती जेवण-पाणी करून देईल, पण तिले तिचंही घर आहे. मधल्या वेळेत भाऊजीजवळ फक्त तो डब्बा.

तर मले खरं सांग. घरोबा टिकणार आहे का?

तुझी ताई
रत्नमाला


पुणे
१८ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

पत्र मिळालं. पास झालीस आणि मला सांगितलं नाहीस! आईच्या वेळेला हे झालं असतं तर तिनं गावभर साखर वाटली असती. मी इथं ऑफिसात पेढे वाटले.

दुकानदार अर्धं खरं बोलला. आधी प्रत्येक कंपनीची यंत्रं आपापल्या भाषेत बोलायची, एकीचं बटन दुसरीच्या दिव्याला कळायचं नाही. आता मोठ्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवली आहे. पण त्यातही भानगडी आहेत. कोणी ती पूर्ण मानतं, कोणी अर्धी. जुन्या तीन-चार भाषा अजून बाजारात आहेतच. आमच्यासारख्या चार जणांच्या कंपनीनं कुणाचा हात धरायचा, हाच आमच्याकडे रोजचा वाद. माझा भागीदार इश्वर (सिहोऱ्याचा, नागपूरला माझ्यासोबत इंजिनीयरिंगला होता, तू त्याला जेवू घातलं आहेस) म्हणतो की सामाईक भाषेत गेलो नाही तर दोन वर्षांत आपलं नावही उरणार नाही. त्याचं चूक नाही. एक मोठी कंपनी पैसे घालून आमच्यात यायला तयार आहे, तीही तेच म्हणते.

पण तो आमचा वाद आहे. तू तो डोक्यात घेऊ नकोस. पंखा उशिरा फिरतो तो नेटमुळे, मी इथून दुरुस्त केलं आहे. जुने डब्बे चालत राहतील. ती जबाबदारी माझी.

तू होकार कळव आणि ट्रेनिंगला जा. भाऊजींना जयभीम सांग, पत्राचं सांगू नकोस.

तुझा
सुगत


आसगाव
३० जानेवारी २०२४

सुगत,

तुझ्या शब्दावर होकार पाठवला. ते पत्र मी तीनदा वाचलं, "जबाबदारी माझी" हे तर पाच वेळा.

पंखा आता लवकर फिरते. पण मले दुसरीच धास्ती लागली आहे. तुले सांगू की नको असं आठ दिवस करत होती.

ट्रेनिंगचं सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "जा ना. कायले थांबते?" इतकं सहज बोलले की मलेच बरं नाही वाटलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी यादोरावले बोलावलं. यादोराव म्हणजे त्यांच्यासंग लाईनवर होते ते, आता रिटायर झाले. दोन वर्षांत उंबरा चढले नव्हते. आता दिवसाआड येऊन राहिले. मी घरात असली की दोघं धानाच्या गोष्टी करतात, मी बाहेर पडली की गप्पांचा आवाज बदलते. परवा मी माळ्यावर पाहिलं तर भाऊजीची हत्यारांची पेटी नाही. पक्कड, टेस्टर, खांबावर चढायचा पट्टा, सगळं त्यातच होतं. विचारलं तर म्हणतात, "यादोरावले देऊन टाकलं. पडून पडून जंगून राहिलं होतं."

सुगत, त्या पेटीले ते कोणाले हात लावू देत नव्हते. पडले त्या वर्षी मी ती विकायचं म्हटलं तर तीन दिवस जेवले नाही.

माणूस आपल्या वस्तू वाटून टाकते, जुन्या मित्रांना भेटून घेते, बायकोले म्हणते तू जा. मी अंगणवाडीत वीस वर्षं काढली, घरोघर फिरली, असं मी पाहिलेलं आहे. ते हात हलवू शकत नाहीत म्हणून मले तशी भीती नाही. पण जेवण सोडता येते. बटन न दाबणंही जमते.

काल सकाळी चहा पाजताना मी विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" तर हसले. "मले काय होते?" म्हणाले. ते हसणं मले समजलं नाही.

तू फोनवर त्यांच्याशी बोल, पण मी लिहिलं असं कळू देऊ नको. बारा तारखेनंतर पत्र पाठवलं तर अंगणवाडीतच पाठव. मी रविवारी घरी येईन तेव्हा बेबीबाईकडून घेईन.

ताई


पुणे
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

मी भाऊजींशी दोनदा बोललो. दोन्ही वेळा त्यांनी हवापाण्याचं विचारलं आणि धुरपताबाईंना फोन काढून घ्यायला लावला. तू लिहिलं आहेस ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही. मग वाटलं, डब्बे बंद होणार हे त्यांना कुठून तरी कळलं असेल आणि म्हणून ते जगणं आवरतं घेत असतील. म्हणून आता लिहितो.

मी तुला खोटं सांगितलं.

घरोबाचा जुना डब्बा रोज सकाळी पुण्याच्या सर्व्हरला विचारतो, मी चालू राहू का? इथून हो गेलं तरच तो दिवसभर काम करतो. जुन्या मालकानं तसं बनवून घेतलं होतं, गिऱ्हाईक आपल्या हातातून सुटू नये म्हणून. म्हणूनच २०२२ मध्ये त्यानं सर्व्हर बंद केला आणि एका सकाळी सगळे डब्बे मेले. आम्ही पुन्हा सुरू केलं ते तेवढंच, इथून रोज हो म्हणणारं कुणीतरी बसवलं.

मोठी कंपनी येणार ती एकाच अटीवर. जुनी भाषा बंद, जुना सर्व्हर बंद. ३१ मार्च ही तारीख ठरली आहे. त्या कागदावर चार सह्या आहेत. चौथी माझी आहे. आणि ताई, मी तुला अठरा जानेवारीला पत्र लिहिलं, त्याच्या आठवडाभर आधीच ती सही झाली होती.

मला वाटलं होतं, तोवर मी तुमच्यापुरती काहीतरी सोय करीन. नवीन डब्बा आणून देईन. पण नवीन बटन भाऊजींच्या अंगठ्याच्या जोरानं दाबलंच जात नाही. मी करून पाहिलं. माझा अंगठा तेवढाच सैल ठेवून दाबून पाहिलं. नाही होत.

तू ट्रेनिंग सोड आणि घरी जा. भाऊजींना एकटं ठेवू नकोस. मी मार्चमध्ये येतो, मग काय ते पाहू. मला शिव्या नंतर दे.

सुगत

(पाकिटावर मी 'तातडीचे' असं लिहितो आहे, म्हणजे बेबीबाई तुला लगेच निरोप देतील.)


आसगाव
२४ फेब्रुवारी २०२४

सुगत,

अंकुशचा जयभीम. अक्षर यादोरावचं हाय, बोलनं माहं. तो कान माह्या तोंडाशी लावून लिहून राहिला, तवा चुका त्याच्या.

तुहं पत्र माह्याजवळ हाय. बेबीबाईनं पाकिटावर तातडीचे वाचलं, तिले वाटलं कोनी सीरियस झालं. धावत घरी आनून देल्लं. रत्ना भंडाऱ्याले होती. बायकोच्या नावाचं पत्र मी फोडायले लावलं, हे माहं चुकलं. ते मी तिले सांगीन, पन आता नाई. तिची ट्रेनिंग बारा मार्चले संपते. तोवर तूही एक शब्द काढायचा नाई. या रविवारी ती आली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिले दुसऱ्या कोनाची नक्कल करताना पाह्यलं. तिच्या वसतिगृहातली कोनी बाई घोरते, तशी घोरून दाखवली. हसून हसून तिच्या डोळ्यातनं पानी. तुह्या पत्रानं ते मले बंद नाई करायचं.

दुसरी गोष्ट. मी मरायची तयारी नाई करून राहिलो. तुमी दोघं भाऊबहीन पत्रातनी मले पार पोचवूनच आले! पक्कड-टेस्टर यादोरावले देल्ले कारन काम त्याच्या हातानं करून घेऊन राहिलो. तुह्या डब्ब्यावर माहा भरवसा बावीस सालीच उठला. यादोराव माह्या बटनापासून सरळ वायर टाकून राहिला. एक पंख्याले, एक धुरपताबाईच्या घरातल्या घंटीले. ना नेट, ना पुना. रत्नाले सांगितलं नाई कारन ती ट्रेनिंगले गेली नसती. म्हनली असती, डब्ब्याचा भरवसा नाई म्हनूनच तुमी वायर टाकता ना?

बावीस साली पंखा बंद पडला त्या दिवसाचं मी कोनाले सांगितलं नाई, तुले सांगतो. तीन तास होते. पहिला तास मी तुले शिव्या देल्ल्या. दुसऱ्या तासात मी बटन मोजून दाबत होतो, शंभर दाबले की थांबायचं, मग परत शंभर. तिसऱ्याचं मले आठवत नाई.

तुमच्या भाषांचं भांडन मले समजत नाई. पन लायनीवर आमचा एक कायदा होता. वर मानूस चढला असन तर लाईन चालू-बंद करायच्या आधी खालून त्याले आवाज द्यायचा. उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाई. तुमी चौघांनी सह्या केल्या, आवाज कोनाले देल्ला?

माही सोय मी करून घेतली. पन तूच एकदा सांगितलं होतं, तुह्या यादीत अकराशे घरं हाय. त्यातले माह्यासारखे किती, कोनी मोजलं का?

तुहा भाऊजी
अंकुश


पुणे
६ मार्च २०२४

आदरणीय भाऊजी,

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी इश्वरला वाचायला दिलं. त्यानं वाचून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "यादी काढ."

आम्ही पाच दिवस फोन केले. अकराशेपैकी बहुतेकांनी डब्बा कधीच काढून टाकला आहे. चारशे बारा घरांत तो अजून चालू आहे. त्यात एकोणतीस घरं अशी आहेत की तिथं कुणीतरी पलंगावर आहे, नाहीतर एकटं आहे. कोल्हापूरला एक निवृत्त मास्तर आहेत, दृष्टी गेलेली. डब्ब्याच्या शिट्टीवरून कुठलं दार उघडलं ते ओळखतात. अकोल्याला एक बाई आहे, ती आईच्या खोलीतला दिवा कामावरून पाहते. दिवा लागला की आई उठली. आम्ही हे सगळं सहा वर्षं 'चालू कनेक्शन' म्हणून कागदावर मोजत होतो.

इश्वरनं चौदा घरं स्वतः केली. शेवटचा फोन ठेवून त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "सुगत, यांना आपण गिऱ्हाईक म्हणत होतो ना रे? हे तर आपल्यावर टांगलेले आहेत."

सह्या परत घेतल्या. मोठी कंपनी गेली. आमच्यातले दोघंही गेले, त्यांना दोष देता येत नाही, त्यांना घरदार आहे. पुढच्या दिवाळीला घरोबा असेल की नाही, मला खरंच माहीत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की डब्ब्यानं आमच्यावर अवलंबून राहूच नये. त्याला इथून एक शेवटचा बदल पाठवायचा, ज्यानंतर तो कुणालाच विचारणार नाही की मी चालू राहू का. पुणं बुडालं तरी चालेल. आणि आमची जुनी भाषा कशी लिहिली आहे ते सगळं उघडं करून टाकायचं, म्हणजे उद्या कुणालाही डब्बा दुरुस्त करता येईल.

पण भीती वाटते. ऑफिसातल्या तीन जुन्या डब्ब्यांवर हा बदल करून पाहिला. दोन नीट झाले. तिसरा मेला, परत उठलाच नाही. तो सगळ्यात पहिल्या खेपेतला होता, तुमचाही त्याच खेपेतला आहे. एकोणतीसपैकी अकरा घरांत तसलाच आहे. का मेला ते आम्हाला अजून सापडलेलं नाही, आणि तसला आणखी एक डब्बा पाहायला आमच्याकडे नाही. कारण सापडेपर्यंत तुमच्या डब्ब्याला मी हात लावणार नाही.

ताईला काही बोललो नाही. तिच्या फोनवर खोटं हसतो. हे फार दिवस जमणार नाही.

तुमचा
सुगत


आसगाव
१३ मार्च २०२४

सुगत,

पहिला डब्बा माहाच घे. माह्याजवळ वायर हाय, बाकीच्या दहा घरी नाई. मेला तर उघडून पाहाले तुले भेटन.

रत्ना काल आली. शनिवार पाहून कर, ती घरी असन. ती नसताना नाई.

अंकुश
(यादोरावच्या हस्ते)


आसगाव
२९ मार्च २०२४

सुगत,

सहा दिवस मी तुझा फोन उचलला नाही. आता लिहिते, कारण फोनवर मी रडेन आणि तू माफी मागशील, आणि सांगायचं ते राहून जाईल.

शनिवारी दहा वाजता यादोराव माझा फोन धरून डब्ब्याजवळ उभे होते, तिकडून तू बोलत होता. भाऊजीनं मले एवढंच सांगितलं होतं की सुगत डब्ब्याची साफसफाई करणार आहे. मी दारात तांदूळ निवडत बसली होती. डब्ब्याचा दिवा लाल झाला, मग हिरवा, मग गेला. पंखा थांबला. तू फोनवर "भाऊजी, भाऊजी" करून राहिला होता. तुझा तो आवाज ऐकून मले समजलं की हे साफसफाईचं काम नाही. सूप हातातून पडलं. मले बावीस सालची ती खोली दिसली, सगळं तसंच.

आणि भाऊजी माझ्याकडे पाहून हसून राहिले होते. त्यांनी अंगठा दाबून धरला. समोर धुरपताबाईच्या घरात घंटी वाजली, ती पिठाच्या हातानं धावत आली. मग नुसता एकदा दाबला, पंखा फिरला. मेलेला डब्बा भिंतीवर तसाच आणि पंखा फिरून राहिला.

मग त्यांनी सांगितलं. गादीखालून तुझं पत्र काढायला लावलं. मी उभ्यानं वाचलं आणि घराबाहेर पडली. तळ्याकडे, बोडीच्या पाळीवर जाऊन बसली. उन्ह डोक्यावर आलं तरी उठली नाही. धुरपताबाई दोनदा बोलवायले आली, दोनदा परत गेली.

मले कशाचा राग आला ते ऐक. भावानं खोटं लिहिलं. नवऱ्यानं माझं पत्र फोडलं, महिनाभर दडवलं. दोघंही म्हणता, तुझ्या भल्यासाठी. वीस वर्षं मी गावातल्या बायांना सांगत आली की तुमच्यावाचून तुमचं ठरवू देऊ नका, आणि माझं तुम्ही दोघांनी ठरवलं.

आणि जास्त झोंबते ते दुसरंच. भंडाऱ्याले मी सुखात होती, सुगत. वेळेवर जेवत होती, बायांसोबत हसत होती. तेव्हा इकडे हे वायरी ओढून राहिले होते आणि तिकडे तू घरं मोजत होता. ते पत्र तेव्हा माझ्या हातात पडलं असतं तर मी त्याच दिवशी परत आली असती, आणि मुख्यसेविका झाली नसती. म्हणजे यांनी केलं ते बरोबर निघालं. हेच मले सहन होत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "मले भीती वाटली होती की तुम्ही जगायचं सोडून राहिले." ते म्हणाले, "सोडलं होतं. बावीस सालानंतर सोडलं होतं. तू पास झाली तवा वायर टाकायचं मनात आलं."

मी त्यांचं तोंड पुसलं आणि स्वयंपाकाले लागली.

डब्बा यादोरावनं पार्सल केला आहे. मिळाला का?

रत्नमाला


पुणे
८ एप्रिल २०२४

ताई,

डब्बा मिळाला. फक्त काय झालं ते लिहितो.

आम्ही तो उघडला. पहिल्या खेपेच्या डब्ब्यांना बदल एकदम पाठवला की त्यांची मेमरी अर्ध्यात भरते आणि ते तिथंच अडकतात. दोन तुकड्यांत पाठवला तर चालतो. हे भाऊजींच्या डब्ब्याशिवाय सापडलं नसतं. काल संध्याकाळपर्यंत बाकीची दहा घरं झाली. प्रत्येक घरी आधी फोन केला, माणूस पलंगाजवळ उभं आहे याची खात्री केली आणि मगच पाठवला. दहाही डब्बे उठले. कोल्हापूरच्या मास्तरांचा उठायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत इश्वर ऑफिसात फेऱ्या मारत होता आणि मी नखं खात होतो.

आता ऑफिस उरलं नाही. इश्वरनं नोकरी धरली आहे, संध्याकाळी दोन तास माझ्याकडे येतो. सामाईक भाषा शिकलेला एक छोटा डब्बा आम्ही करतो आहोत. त्याच्या पाठीला दोन स्क्रू ठेवले आहेत, सरळ वायर जोडायला. ती अट भाऊजींची. तो विकला जाईल का, कोण घेईल, काही माहीत नाही. मोठ्यांच्या भांडणात आमचं काय होईल तेही नाही. पण यापुढे मला माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच मी तुला लिहीन.

सुगत


आसगाव
१६ जून २०२४

सुगत,

मले मोहाडी तालुक्यात करडीचं सर्कल मिळालं. उद्या रुजू व्हायचं आहे. रोज जाणं-येणं होत नाही, तिथं खोली घेतली, शनिवारी संध्याकाळी घरी. यावेळी आम्ही दोघांनी बसून ठरवलं, सोबत धुरपताबाईलेही बसवलं. तिनं सरळ सांगितलं, "मले धानाच्या रोवण्याचे पंधरा दिवस जमनार नाई." मग त्या पंधरा दिवसांची वेगळी सोय केली. असं उघड बोललं की बरं असते. भीती गेली असं नाही. पिशवी भरताना दोनदा सगळं बाहेर काढून परत भरलं.

तू विचारलं होतं की डब्बा अडला तर विचारायले भाऊजीचा नंबर लोकांना दिला तर चालेल का. मी म्हटलं होतं, एवढुसा आवाज, कोणाले ऐकू येणार? तर आज सकाळचं ऐक.

अकोल्याच्या त्या बाईचा फोन आला. तुले लागला नाही म्हणे. तिच्या आईच्या खोलीतला दिवा पावसात बंद पडला होता. धुरपताबाईनं फोन यांच्या तोंडाशी धरला. बाई घाबरून मोठमोठ्यानं बोलून राहिली होती, "घरोबा कंपनी का? कोण बोलतंय? आवाज येत नाही!" मी पुढं होणार होती. यांनी डोळ्यानंच मले थांबवलं. श्वास घेतला, थोडं थांबले. ती बाईही थांबली. तिले थांबल्याशिवाय ऐकू येणारच नव्हतं.

"कंपनी नाई बाई," हे म्हणाले. "आसगाववरून अंकुश बोलून राहिलो. पहिले सांगा, आईजवळ आता कोनी हाय का?"

ती म्हणाली, शेजारीण आहे. "मंग घाबरू नका," म्हणाले, आणि हळूहळू तिले एकेक सांगू लागले. मी पंचवीस मिनिटं चुलीजवळ उभी होती. दिवा लागला की नाही ते मले शेवटपर्यंत समजलं नाही, कारण फोन ठेवल्यावर यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मी विचारलं नाही.

करडीचा पत्ता मागं लिहिला आहे.

ताई